फिरती खाट

त्या घरात नवखा माणूस खाटेला अडखळायचाच, आणि नेहमी येणारा तर हमखास अडखळायचा, कारण काल खाट जिथे होती तिथे ती आज नसायची. खोलीच्या मधोमध लोखंडी खाट, तिच्या पायांना चाकं, खाली फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटने काढलेलं भलंमोठं वर्तुळ आणि वर्तुळावर थोड्या थोड्या अंतरावर मारलेल्या खुणा. रोज सकाळी चक्रवाले उठायचे, खाटेला जोडलेल्या लाकडी दांड्याला खांदा लावायचे आणि खाट एक खूण पुढे न्यायचे. त्यापायी काही दिवस कपाट उघडायचं नाही, काही दिवस दार अर्धंच उघडायचं, आणि मधूनच त्यांच्या बायकोला आपलं शिलाई मशीन फरफटत स्वयंपाकघरात न्यावं लागायचं. ती न्यायची. तोंडाचा पट्टा सुरू असायचा, पण न्यायची.

चक्रवाले हे नाव त्यांना रेल्वेच्या यार्डात पडलं होतं. तिथे जमिनीत एक गोल खड्डा होता आणि खड्ड्यावर रूळ बसवलेला फिरता पूल, त्याला सगळे चक्र म्हणायचे. इंजिन त्यावर उभं करायचं, दोघांनी दांड्याला खांदा द्यायचा, की एवढं मोठं धूड अलगद तोंड फिरवायचं. अख्खी नोकरी चक्रवाल्यांनी इंजिनांची तोंडं फिरवली. पुढे दोन्ही बाजूंनी धावणारी इंजिनं आली आणि चक्राला कुलूप लागलं. ह्यांना एका कोपऱ्यातल्या टेबलामागे बसवलं, जिथे काम म्हणून काहीच नव्हतं. ज्याच्या खांद्याच्या जोरावर इंजिनं वळत होती तो माणूस दिवसभर माश्या मारत बसला. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी कोणाला नेमायचीही गरज पडली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते आजारी पडले. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, भर उन्हात स्वेटर घालून बसायचे. बोलता बोलता शब्द हरवायचा आणि तो शोधता शोधता डोळा लागायचा. बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं की गळ्यातली ग्रंथी मंदावली आहे, घाबरण्यासारखं काही नाही, रोज सकाळी एक बारकी गोळी घ्यायची, मात्र जन्मभर. चक्रवाल्यांना आजाराचं काही वाटलं नाही, त्या जन्मभर शब्दाचा राग आला. जी जन्मभर ढकलावी लागते ती गाडी कसली, असं म्हणत त्यांनी घरी येताना सगळ्या गोळ्या गटारात टाकल्या.

आणि मग त्यांना तो शोध लागला. चुकीच्या दिशेला तोंड करून उभं राहिलेलं इंजिन लवकर गंजतं, हे त्यांचं यार्डातलं जुनं मत होतं आणि त्यावर तेव्हाही सगळे हसले होते. माणसाचंही तेच आहे, असं त्यांनी आता ठरवलं. पृथ्वी फिरते आणि माणूस मात्र जन्मभर एकाच दिशेला डोकं करून झोपतो, म्हणून रक्ताला गंज चढतो. खाट रोज थोडी फिरवावी, खाटेखाली ठेवलेलं, दिशा लागलेलं पाणी सकाळी अनशापोटी प्यावं, की रोगाला राहायला जागा नाही. हे सगळं त्यांनी घोगऱ्या आवाजात, मधे मधे डुलक्या घेत, बायकोला समजावलं.

तिने ऐकून घेतलं. मग डॉक्टरीणबाईंकडून परत चिठ्ठी लिहून आणली आणि गोळ्या आपल्या मशीनच्या खणात, रिळांच्या खाली दडवल्या. त्या खणाला हात लावायची चक्रवाल्यांची छाती नव्हती. एकदा त्यांनी तिच्या कात्रीने पुठ्ठा कापला होता, त्यावरून झालेला तमाशा ते विसरले नव्हते. सकाळी ती त्यांच्या आधी उठायची, चमच्याच्या पाठीने गोळीची पूड करायची, स्टीलच्या पेल्यात टाकायची आणि वरून ते दिशा लागलेलं पाणी ओतायची. पेला हातात द्यायची आणि शेवटचा घोट जाईपर्यंत समोरून हलायची नाही. हळूहळू सूज उतरली, आवाज मोकळा झाला, तिचा माणूस परत आला.

बरे झाले की सांगून टाकू, असं तिच्या मनात होतं. पण ते इतके खूश होते, इतक्या दिवसांनी मान ताठ करून चालत होते, की ओठांवर आलेलं तिने गिळलं. सांगितलं असतं तर तो परत टेबलामागे माश्या मारणारा माणूस झाला असता, आणि तो माणूस तिला परत घरात नको होता. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली. डॉक्टरीणबाई दर खेपेला चिठ्ठी लिहिताना म्हणायच्या की हे बरं नाही, एकदा सांगून टाका. ती मान डोलवायची आणि चिठ्ठी घेऊन घरी यायची.

चक्रवाल्यांनी पदरमोड करून ‘देहदिशा’ नावाची पुस्तिका छापली. गठ्ठे कपाटात ठेवले, आणि कपाट बरेच दिवस उघडता येत नसल्यामुळे वाचकांचं फार नुकसान झालं नाही. नातेवाईक पुस्तिका हातात पडली की उलटीसुलटी करून बघायचे आणि कोणत्या दिशेने वाचायची ते विचारायचे. औषधाच्या दुकानदाराने एक गठ्ठा मोठ्या आदराने ठेवून घेतला आणि पुड्या बांधायला वापरला. एकदा तर तिच्या गोळ्याच त्या कागदात गुंडाळून आल्या. तिने रस्त्यात तो कागद चुरगाळून फेकला, आणि घरी येईपर्यंत तिला उगाच रडू येत राहिलं.

या हसण्याला उत्तर म्हणून चक्रवाल्यांनी पुस्तिकेला आणखी एक शेवटचं पान जोडलं. हा शोध औषधवाल्यांच्या पोटावर पाय आणणारा आहे, असं त्यात होतं. उद्या ते मला गाठतील, धमकावतील आणि माझ्याच हाताने उलटं लिहून घेतील. तेव्हा वाचकहो, माझ्या नावाने कधी माघारीचा मजकूर आला तर तो माझा समजू नका, उलट हा शोध खरा असल्याचा तोच पुरावा समजा. हे पान वाचून तिने विचारलं होतं की तुम्हाला धमकवायला कोण येणार आहे, दूधवाला? त्यावर ते दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने इंटरनेट आणलं. झेरॉक्सच्या मशीनशेजारी फळ्यांचे आडोसे करून त्याने तीन कॉम्प्युटर मांडले. फोनची लाइन आधी किंचाळायची, मग खरखरायची, आणि मग कधी लागायची, कधी नाही. झेरॉक्सवाला रिकामाच बसलेला असायचा. त्याने मोठ्या हौसेने चक्रवाल्यांना फुकटची वेबसाइट करून दिली. वरती गरगर फिरणारी पृथ्वी, मधे पुस्तिका, खाली रक्ताचे दोन रिपोर्ट, एकावर ‘आधी’ आणि दुसऱ्यावर ‘नंतर’ लिहिलेलं, आणि तळाला ते शेवटचं पान, लाल रंगात लुकलुकणारं. त्या ‘नंतर’च्या रिपोर्टमधला प्रत्येक आकडा बायकोच्या चमच्याखालून आला होता, पण हे स्कॅनरला कसं कळणार!

पानावर किती जण येऊन गेले ते दाखवणारा काउंटर होता. चक्रवाले रोज जाऊन तो बघायचे आणि तो रोज थोडा वाढलेला असायचा. ते स्वतः बघायला येतात म्हणूनच तो वाढतो, हे झेरॉक्सवाल्याने त्यांना कधी सांगितलं नाही. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, असं तो काकूंना म्हणाला. कोपऱ्यावरचे सगळे तिला काकूच म्हणायचे. काकू काय बोलणार? मन न मोडण्यात त्या त्याच्या कितीतरी पुढे होत्या.

आणि एके दिवशी चक्रवाले जवळजवळ धावतच घरी आले. हातात ईमेलचा छापील कागद होता. ती शाळेचे गणवेश शिवत होती. त्यांनी मशीनच्या बाजूला उभं राहून तिला मोठ्याने वाचून दाखवलं. कुठल्यातरी दूरच्या गावातल्या एका माणसाने लिहिलं होतं. त्याने घरात वर्तुळ काढलं होतं, खाटेला चाकं लावली होती, पुस्तिका तीनदा वाचली होती. सर, आपण माणसाला पृथ्वीशी परत जोडलंत, असं त्याने लिहिलं होतं. सर म्हणून त्यांना आयुष्यात कोणी हाक मारली नव्हती. ते वाचताना त्यांचे डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर तिचेही आले.

मग पत्रांमागून पत्रं येत राहिली. वर्तुळ केवढं असावं, पाणी काचेच्या बाटलीत ठेवावं की तांब्याच्या, असं काहीबाही तो विचारायचा. चक्रवाले उत्तरं आधी कागदावर लिहायचे, तिला वाचून दाखवायचे आणि मग टाइप करायला जायचे. घरात पुन्हा यार्डातल्यासारखी गडबड आली होती. ती बिनघोर होती असं नाही, पण खाट फिरवून आणि पाणी पिऊन कोणाचं काय वाकडं होणार आहे, असं ती स्वतःला समजवायची.

तिसऱ्या की चौथ्या पत्रात त्या माणसाने मुलीचं सांगितलं. आठ वर्षांची मुलगी, रक्तात साखर वाढायचा आजार, सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. सुई बघितली की ती दारामागे जाऊन लपते, आणि रोज मलाच तिला ओढून बाहेर काढावं लागतं, असं त्याने लिहिलं होतं. मुलगी दोन आठवडे फिरत्या खाटेवर झोपते आहे. आपण औषधाला न शिवता बरे झालात, रिपोर्ट मी स्वतः पाहिले आहेत. तेव्हा इंजेक्शन कधी थांबवावं, एवढंच सांगावं.

मशीनवरचा तिचा पाय थांबला. तिने विचारलं की काय लिहिणार. चक्रवाले म्हणाले की जबाबदारीचं काम आहे, नीट विचार करून लिहायला हवं. ती म्हणाली की मग लिहा, खाट फिरवा पण इंजेक्शन चालू ठेवा, त्यात आपलं काय जातं? त्यांचा स्वभाव दुष्ट नव्हता, मुलीची त्यांना खरीच काळजी वाटत होती, आणि म्हणूनच पुढचं त्यांनी अगदी सरळ मनाने विचारलं.

“मी एक गोळी घेतली नाही आणि बरा झालो. मग त्या पोरीला कशाला टोचायचं?”

ती तशीच उठली, कापड मशीनखाली अडकलेलं ठेवून, आणि डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाहेर बरेच जण बसले होते, पण तिचा चेहरा बघून बाईंनी तिला आधी आत घेतलं. ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. तुमच्या नवऱ्यासारखं हे नाही, त्या म्हणाल्या. त्यांनी गोळी सोडली तर ते महिनोन्‌महिने सुजत, झोपत काढतील. इंजेक्शनवाचून ती मुलगी थोडे दिवसच जगेल. त्या रागावल्या नाहीत, मी सांगत होते असंही म्हणाल्या नाहीत, आणि त्यामुळे तिला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी चक्रवाले खाटेवर बसून उत्तर लिहीत होते. तिने खण उघडला, रिळं बाजूला केली आणि गोळ्यांचं पाकीट त्यांच्या कागदावर ठेवलं.

“हे काय?”

“तुमची गोळी. रोज सकाळी तुमच्या पाण्यात घालते.”

त्यांनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं. अर्ध्या गोळ्या संपलेल्या होत्या.

“कधीपासून?”

“तुम्ही गटारात टाकल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.”

“आणि खाट?”

“खाट नुसती फिरत होती हो.”

ते भडकतील, हात उगारतील, निदान खोटं बोलतेस म्हणून ओरडतील, अशा तयारीने ती उभी होती. त्यांनी काही केलं नाही. फरशीवरच्या वर्तुळाकडे बघत बसले. मग त्यांनी विचारलं की कोणाकोणाला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंना, ती म्हणाली, आणि औषधाच्या दुकानदाराला. त्यावर ते एवढंच म्हणाले की तो माझ्या पुस्तिकेचे कागद पुड्यांना वापरतो ते मला माहीत होतं. तिला वाटलं धरणी दुभंगावी. त्यांनी लिहीत असलेला कागद फाडला, चपला घातल्या आणि दारातून तिला म्हणाले, “चल. तूही ये.”

झेरॉक्सवाल्याने दोघांना बघून थट्टेसाठी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. चक्रवाल्यांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं की माझा शोध खोटा आहे, माझी बायको मला नकळत औषध देत होती, रिपोर्ट औषधाचे आहेत, मुलीचं इंजेक्शन एक वेळही चुकवू नका. ज्या माणसाला उभ्या जन्मात एकच ‘सर’ मिळाला होता त्याने तो आपल्या हाताने परत केला, आणि त्या वेळी तिला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. हाच मजकूर झेरॉक्सवाल्याने फिरत्या पृथ्वीच्या वर, मोठ्या अक्षरात चढवला. ती रात्र दोघांनी खाटेच्या दोन कडांना जागून काढली, आणि सकाळी खाट कोणी फिरवली नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. चक्रवाल्यांनी ते वाचलं आणि खुर्ची मागे सरकवून तिला पुढे केलं.

सर, त्याने लिहिलं होतं, त्यांनी तुम्हाला गाठलं ना? वाचून आम्ही दोघं नवरा-बायको रडलो. पण तुम्ही काळजी करू नका. शेवटच्या पानावर तुम्ही आम्हाला आधीच सावध करून ठेवलंत. माघारीचा मजकूर येईल तो माझा समजू नका, तोच पुरावा समजा. आमच्या मनात जी थोडी शंका होती ती तुमच्या या पत्राने गेली. काल संध्याकाळपासून इंजेक्शन बंद केलं आहे.

त्यानंतर चक्रवाल्यांनी काय काय लिहिलं त्याला गणती नाही. हात जोडतो असं लिहिलं, शिव्या दिल्या, बायकोची शपथ घेतली. फोन नंबर द्या म्हणून विनवलं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः त्याला एक लांबलचक पत्र लिहिलं, आणि तिथे तर घात झाला, कारण डॉक्टरच पुढे आल्यावर त्याला आणखी कुठला पुरावा हवा होता? पोलीस चौकीवर गेले तर जमादाराने विचारलं की तो माणूस राहतो कुठे, आणि ते कोणालाच माहीत नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये राहणाऱ्या माणसाला मी कसा पकडू, असं म्हणून तो त्याच्या कामाला लागला. उत्तरं यायची बंद झाली.

आता ती गोळी उघडपणे हातावर ठेवायची आणि ते नळाच्या पाण्याबरोबर गिळायचे. खाट कपाटाला अडून तशीच तिरपी उभी होती, आणि ती बाजूला करावी एवढंही कोणाच्या अंगात नव्हतं. तिचा एकच जप चालला होता. मुलीच्या आईने ऐकलं नसेल, आईने चोरून इंजेक्शन दिलं असेल, मी नाही का देत होते, कोणतीही बाई देईल. गणवेशाच्या शिवणी ती चुकीच्या घालायची आणि उसवत बसायची.

झेरॉक्सवाला एका दुपारी स्वतः बोलवायला आला. त्याला काहीतरी सापडलं होतं, आणि ते काय आहे हे सांगायला तो तयार नव्हता. दोघं त्याच्या मागोमाग गेले.

तिथे तशीच गरगर फिरणारी पृथ्वी होती, पण वेबसाइट दुसरी होती. सगळी पुस्तिका उचलून नीट, सुबक अक्षरांत मांडली होती. मूळ संशोधकाला औषधवाल्यांनी गप्प केलं आहे, त्याचं काम आम्ही पुढे नेत आहोत, असं वरती होतं. त्याच्या खाली एका मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. फोटोभोवती काळी चौकट होती. चक्रवाल्यांनी खाली लिहिलेलं वाचलं आणि तोंड फिरवलं. तिने चष्मा आणला नव्हता, म्हणून झेरॉक्सवाल्याने वाचून दाखवलं.

“आमच्या मुलीच्या बाबतीत आम्ही फार उशीर केला. इतरांनी करू नये.”

उशीर कोणी केला हे तिला ठाऊक होतं. कित्येक वर्षं रोज सकाळी, हातात पेला घेऊन, शेवटचा घोट जाईपर्यंत समोर उभं राहून तिने तो केला होता. तिला वाटलं आपण मोठ्याने रडतो आहोत, पण कोणी वळून बघत नव्हतं, म्हणजे रडत नसावी.

फोटोच्या खाली येणाऱ्या-जाणाऱ्यांनी काही लिहायची जागा होती, आणि तिथे लोकांनी बरंच लिहिलं होतं. इथला काउंटर कोणा एका म्हाताऱ्याच्या येण्याजाण्याने वाढत नव्हता. झेरॉक्सवाला खाली खाली जात राहिला आणि सगळ्यात नव्या मजकुराशी थांबला. कोणीतरी आई होती. आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे, इंजेक्शन कधी थांबवावं, असं तिने सकाळी विचारलं होतं. मुलीच्या बापाचं उत्तर लगेच खाली होतं. आजच.

चक्रवाले म्हणाले की माझ्या नावाने लिहिलेलं तो पुसून टाकील, आणि कोणी वाचलंच तर त्या खोट्या शोधावर आणखी विश्वास ठेवील. ते खरंच होतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि ते नुसते बसून राहिले, जसे यार्डातल्या त्या टेबलामागे बसायचे.

तिने कीबोर्ड आपल्याकडे ओढला. तिला कुठलं अक्षर कुठे आहे ते माहीत नव्हतं. झेरॉक्सवाला बोट दाखवत होता आणि ती दाबत होती. बाई, मी त्या म्हाताऱ्याची बायको आहे, तिने त्या आईला लिहिलं. गोळी मी घालत होते.